विहिरीच्या पायऱ्या बुजल्या तेव्हा

आज सकाळी जे पाणी प्यालात, त्यात आधी कुणाकुणाचे पाय बुडाले होते, सांगता येईल तुम्हाला?

मला सांगता आलं असतं. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावाला एकच विहीर, पायऱ्यांची. घोटाभर पाण्यात उतरायचं, हंडा बुडवायचा आणि वर यायचं. ज्याच्या पायात नारू फुटला असेल तोही तसाच उतरे, कारण गार पाण्यात पायाची आग थांबते. त्या पायातून जंतू पाण्यात जात, तेच पाणी सगळे पीत, आणि वर्षभरानं आणखी कुणाच्या तरी पोटरीतून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू डोकं काढी. ओढला तर तुटतो, म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा. माझी काकी अशी तीन पावसाळे, ऐन लावणीत, पडवीत बसून होती.

ही आताची लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. लोकल बोर्डानं आमच्या विहिरीसाठी रक्कम धरली होती. पायऱ्या बुजवायच्या, कठडा बांधायचा, रहाट बसवायचा. पण गरज खरी आहे का, हे बघायला बोर्डाचा तपासनीस येणार होता. भाऊ कल्याणहून क्रांतीची पत्रकं आणायचा, ती वाचून माझं डोकं तापलेलं. मी चार पानी अर्ज लिहिला आणि काकीला वाचून दाखवला.

पायाची काडी फिरवत ती म्हणाली, "तुजा कागूद हंडा भरील काय रे?"

तपासनीस आला आणि गावानं चूक केली, तीही मानापोटी. आमच्याकडे मोठा पाहुणा यायचा म्हणजे अंगण सारवायचं आणि दुखणाईतांना मागच्या पडवीत न्यायचं. पाहुण्यापुढे दुखणं आलं तर त्याला अपशकुन. त्यामुळे अंगणात उभी होती ती सगळी धडधाकट माणसं. त्यांच्या पुढे पाटील, हात जोडून.

"सगला बरा हाय, सायेब. तुमची किरपा."

साहेबानं वही उघडली. "मग ही रक्कम दुसरीकडे देता येईल."

मी अर्ज पुढे केला. "वाचतो नंतर," म्हणत त्यानं तो पिशवीत सारला आणि पुढे केलेला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

तेवढ्यात आमच्या मागच्या दारातून काठी वाजली.

"काय करतंस गो!" पाटील दबक्या आवाजात ओरडले. "मागं जा!"

"तीन पावसालं मागंच बसले, पाटील. आज पुढं बसते."

काकीनं साहेबासमोर सारवलेल्या जमिनीवर पाय टेकला आणि चिंधी सोडली. काडीला गुंडाळलेला नारू सगळ्यांना दिसला.

"सायेब, तुमी पाव्हणं. अपशकुन झाला तं माफी करा. पन आता प्यालात तो पानी कुठला?"

साहेबानं हातातल्या तांब्याकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला. मग घराघरांच्या मागच्या पडव्या रिकाम्या होऊ लागल्या. कुणी काठी टेकत आलं, कुणी लेकाच्या पाठीवर. अंगणात चिंध्या सुटत गेल्या.

रक्कम आमच्याच गावाला राहिली. पुढच्या उन्हाळ्यात पायऱ्या बुजल्या. रहाटावरून पहिला हंडा काकीनं ओढला. आणखी एका पावसाळ्यानंतर लावणीच्या ओळीत ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि मागे रेंगाळतो म्हणून मला शिव्या देत होती. माझ्या पत्रकांत क्रांतीबद्दल पुष्कळ छापलेलं होतं. दुखरा पाय उघडा करून पुढे येणारी अशी बाई त्यात कुठेच नव्हती. ती आमच्या घरातली, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

आता लढाईचा खर्च पुढे करून विहिरींची रक्कमच बंद करायचं बोलणं चाललंय. इकडे आटगाव, उंबरमाळीच्या बाजूला पायऱ्यांच्या विहिरी अजून तशाच आहेत. म्हणून विनंती एवढीच: बोर्डाच्या बैठकीला या, आणि गावात ज्याच्या पायाला चिंधी आहे त्याला मागच्या पडवीतून उठवून, डोलीत घालून का होईना, सोबत आणा. त्याला पहिल्या रांगेत बसवा.