रेंजच्या खडकावरची नाडी

यजमान गेले तरी मी मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावरच राहिले. तीस वर्षं इथल्याच शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर घरही इथेच बांधलं, आता कुठे जायचं? लेक नाशिकला असते. ती "चल" म्हणायची, मी "बघू" म्हणायचे. शेवटी तिने नाडी मोजायचं, बोटाला चिमट्यासारखं लावायचं यंत्र माझ्या हातात ठेवलं. वडिलांचं हृदय अचानक बंद पडलं होतं, तेव्हा आईच्या हृदयावर तिला पहारा ठेवायचा होता.

पण माझ्या घरात फोनला रेंज नाही. पाड्यामागची टेकडी चढून गेलं की एक खडक आहे, तिथेच काय ती मिळते. सगळा पाडा तिथे बोलायला जातो, त्यामुळे कुणाचं कुणाशी बिनसलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. लेकीचा फोन रविवारी यायचा. घरी मोजलेला आकडा सांगितला तर तिचा विश्वास बसेना. माझी ख्यातीच तशी, तापाने फणफणले तरी "बरी आहे" म्हणणारी. म्हणून ती म्हणाली, फोनवर असतानाच बोट लाव. लावलं. एकशे अठरा.

बसल्याजागी नाडी साधारण साठ ते शंभरात असावी, असं तिने वाचलं होतं. ती घाबरली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला फोन करू लागली. मी साडेसातला निघायचे, धापा टाकत खडक गाठायचे, तोवर फोन वाजायचा की लगेच बोट यंत्रात. एकशे चौदा. एकशे वीस. मग ती माझं जेवण, झोप, सगळं विचारायची. मग नातवाच्या खोड्या, तिच्या ऑफिसातल्या कटकटी. वीस-वीस मिनिटं बोलायचो आम्ही. आता आपलीही पाळी आली, अशी मला भीती वाटायची. तरी आठ वाजायची मी वाट बघायचे, हेही खरं.

एकदा पाड्यावरची आशाताई, घरोघरी फिरून आजारपणं-बाळंतपणं बघणारी, कसलीशी माहिती पाठवायला खडकावर आली होती. माझीच विद्यार्थिनी. माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली.

"बाई, टेकाड चढून येता न् लगेच बोट लावता," ती म्हणाली. "मंग ती बसल्याची नाडी कशी?"

तिने मला पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पुन्हा मोजायला लावलं. ब्याऐंशी. चढ चढल्यावर काळीज जोरात चालणारच, तिने समजावलं. थांबल्यावर आकडा खाली येतो ना, ते बघायचं. भीतीने, चहाने, उन्हानेसुद्धा वाढतो. दुसऱ्या दिवशी तिने सांगितल्याप्रमाणे उठायच्या आधी अंथरुणातच मोजली. सहासष्ट. साप साप म्हणून भुई धोपटत होतो आम्ही मायलेकी. प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, म्हणून मी किती पोरांचे कान पिळले असतील!

हे लेकीला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्या दिवशीही टेकडी चढले आणि धापा टाकतच बोट लावलं. जनाची नाही तर मनाची तरी लाज वाटायला हवी होती. असे आठ दिवस काढले.

नवव्या दिवशी तिचा आवाज बसलेला होता. शनिवारी गाडी घेऊन येते, तुझं काही ऐकणार नाही, असं ती म्हणाली. तिची झोप उडाली होती. बाबांच्या वेळी पोचता आलं नाही, तसं पुन्हा व्हायला नको, म्हणाली आणि रडू लागली. मला माझाच राग आला.

मी तिला सगळं सांगितलं. चढून आल्या आल्या मोजत होते, घरात सहासष्ट आहे, आणि हे मला आठ दिवसांपासून माहीत आहे.

तिचं रडणं थांबलं. मग म्हणाली, "मग सांगितलं का नाहीस?"

"तू रोज फोन करत होतीस."

तिच्या समाधानासाठी जव्हारला जाऊन डॉक्टरांना दाखवून आले. कार्डिओग्राम निघाला, वयाच्या मानाने उत्तम. ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. पुढचे काही दिवस तिने आठवणीने रोज फोन केला, मग दिवसाआड, मग पुन्हा रविवारी. तिचं काही चुकलं नाही. नोकरी, मूल, घर, तिला श्वास घ्यायला फुरसत नसते.

मी मात्र अजून साडेसातला टेकडी चढते. परवा सोमवार होता. खडकावर बसून बोट लावलं. एकशे सोळा, चढल्यावर असणारच. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावलं. ऐंशी. मांडीवरच्या फोनला रेंज पूर्ण होती. साडेआठपर्यंत बसले, मग "ऐंशी" असं मोठ्याने म्हटलं आणि टेकडी उतरायला लागले.