माळ्याचे निरोप

आई चुकली नव्हती. मी तिला जे सांगितलं होतं तेच ती बोलली होती. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी चारचौघांत तिलाच अडाणी ठरवलं.

तेव्हा आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, सतत दौऱ्यावर. गच्च्यांवरून केबलची वायर आमच्यापर्यंत आली आणि तिच्यातून एक परदेशी मालिका आली. एक अंतराळयान, त्यातली माणसं, दर आठवड्याला नवा ग्रह. मी पहाडगंजच्या मराठी शाळेतला, माझं इंग्रजी अर्धंमुर्धं. आईला तर तेवढंही येत नव्हतं. ती कुकर उतरवून माझ्याशेजारी बसायची आणि मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचो. कळलं नाही तिथे जुळवून द्यायचो.

यानात एक म्हातारा माळी होता. काचेच्या खोलीत भाज्या पिकवायचा, कमी बोलायचा. आईला तोच आवडायचा. "बघ, परक्या मुलखात कशी मेथी लावून बसलाय," म्हणायची.

दुसऱ्या सीझनमध्ये तो मेला. त्याच सुमारास साताऱ्याला आईचे वडील वारले होते. आम्ही दिल्लीहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यापासून ती गप्प होती. पडद्यावर माळी निपचित पडला आणि मी म्हणालो, "झोपलाय. त्याला इथली माती आवडली, तो याच ग्रहावर राहणार आहे."

"मग बाकीचे रडतात कशाला?"

"सोडून जायचंय ना त्याला."

"हां, ते बरोबर," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

पुढे मधूनमधून ती विचारायची, "माळ्याची काही खबर?" मग मी कॅप्टनच्या तोंडून निरोप घालायचो. वांगी धरलीत म्हणतो. पाणी गोड आहे म्हणतो. तिचा चेहरा उजळायचा.

त्या मालिकेने मला इंग्रजी दिलं, कॉम्प्युटरचं वेड दिलं, आणि पुढे गुडगावातली नोकरी. तिथे नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, आईबाबांना आणलं. ऑफिसात त्याच मालिकेचे वेडे भेटले. सगळे चांगल्या इंग्रजी शाळांतले. त्यांना सीझन आणि संवाद तोंडपाठ. आपली शाळा कुठली हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एका रविवारी दुपारी ते घरी आले. त्या मालिकेवर नवा सिनेमा येणार होता, वाद रंगला होता. आई पोहे घेऊन आली. एकाने सहज विचारलं, "आंटी, आपका फेवरेट कौन है?"

आईला आनंद झाला. तिच्या हिंदीत म्हणाली, "वो माली. अभी भी उसी ग्रह पे है ना? नए पिक्चर में आएगा क्या?"

सगळे हसले. "आंटी, वो तो दूसरे सीझन में ही मर गया था. आप कौन-सा देख रही थीं?"

"आंटी का अपना अलग यूनिवर्स है, यार."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अरे, मम्मी को इंग्लिश समझ में नहीं आती. कुछ भी सोच लेती हैं."

घरात मी तिला कधी मम्मी म्हटलेलं नव्हतं.

ते गेल्यावर तिने विचारलं, "खरंच गेला होता?"

"हो."

"मग ते निरोप?"

"सोड ना, आई. गोष्टच आहे ती."

ती पुन्हा कधी माझ्याशेजारी मालिका बघायला बसली नाही. एवढंच झालं असतं तरी चाललं असतं. पण नंतर बाबा आजारी पडले. मी हॉस्पिटलच्या खोलीतून बाहेर येऊन म्हणालो, "आज बरे आहेत, सूप घेतलं." ते खरं होतं. आईने ऐकून घेतलं आणि नर्सकडे जाऊन तेच हिंदीत विचारलं. मग रोज तसंच. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आशा नाही असं सांगितलं, तेव्हा ती मागेच उभी होती. "मुझे ही बताइए," त्यांना म्हणाली. "ये मुझे ठीक से नहीं बताएगा." ज्या दिवशी तिला आधार द्यायला मी हवा होतो, त्या दिवशी माझ्या शब्दाला काही किंमत उरली नव्हती.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडेच असते. जेवलास का, पंखा बंद कर, एवढं बोलते. ती मालिका मी अजून बघतो, एकटा, कानाला हेडफोन लावून.

गेल्या महिन्यात दुपारी ती बाल्कनीत भाजी निवडत होती. मी जाऊन समोर बसलो आणि माळ्याचा विषय काढला.

"आता कशाला ते," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"तो मेला होता, आई, आणि आजोबा नुकतेच गेले होते म्हणून मला सांगवलं नाही. ते खोटं मी तुझ्यासाठी बोललो. पण पाहुण्यांसमोर जे बोललो ते फक्त माझ्यासाठी. तुला सगळं कळलं होतं, जसं मी सांगितलं तसंच. मला लाज वाटली आणि मी ती तुझ्यावर ढकलली. माझं चुकलं, आई. मला माफ कर."