माझ्या वजनाचे दोन कट्टे

आमच्या घरची गाडी मी बसले की बंद पडायची. आमचे हे एकटे बसले की पळायची, पण मी बसले की वडनेर भोलजीच्या फाट्यापर्यंतही टिकायची नाही. अख्ख्या गावाला हे माहीत होतं आणि गावानं निदानही करून टाकलं होतं. माझं वजन.

आता ही गाडी म्हणजे काय, ते सांगते. आमचे हे एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि हाताला काम उरलं नाही. त्यातच माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मोटारसायकलवर टांग टाकता येईना, बसची पायरी चढता येईना. माझी मोठी बहीण धामणगाव बढ्याला, तीही अंथरुणाला खिळलेली. दीड वर्ष आम्ही दोघी फोनवरच रडायचो. मग ह्यांनी जुन्या मोटारसायकलचं इंजिन काढलं, लोखंडी अँगलचा सांगाडा जोडला, भंगारातल्या जीपची सीट बसवली आणि चार चाकांची गाडी उभी केली. रिव्हर्स गिअर नव्हता. मागं घ्यायची असली की मी उतरायचं आणि ह्यांनी ढकलायचं. पण मला तिचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. पेट्रोलची टाकी मात्र सीटच्या मागं, थेट माझ्या कानाशी. पहिल्याच दिवशी गावात एक चक्कर मारली आणि वासानं मला उलटी झाली.

त्यानंतर वास बंद झाला, आणि गाडीही बंद पडायला लागली. धामणगावला निघालो की दोनेक किलोमीटरवर आधी ठसके द्यायची आणि मग गपकन थांबायची. हे उतरायचे, मागं खुडबुड करत टाकीचं झाकण उघडायचे. पेट्रोल भरपूर असायचं. झाकण लावून स्टार्टर मारला की गाडी सुरू. पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा तेच. शेवटी गाडी ढकलत वळवून घरी परत. ह्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, चेन तपासली. काही फरक नाही.

मग एके दिवशी ह्यांनी मला हळूच वजन विचारलं. मी पाच किलो कमी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या मापाचे सोयाबीनचे दोन कट्टे माझ्या जागेवर टाकले आणि नांदुऱ्यापर्यंत जाऊन आले. गाडी सुसाट. मला वाटलं, ते पाच किलोच नडले. लाज गिळून खरा आकडा सांगितला. ह्यांनी वर पाच किलो तांदूळ ठेवला आणि पुन्हा जाऊन आले. तरी गाडी सुसाट.

वजनातून मी सुटले, तर शेजारचा पंक्चरवाला म्हणाला की मग वहिनीचा पायगुणच असंल. एवढं बोलून थांबला नाही, गाडीला लिंबू-मिरची बांधून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात दिवस बुद्धवंदनेनं सुरू होतो, आणि अंगणवाडीत आयाबायांना असल्या गोष्टी सोडा म्हणून सांगण्यात माझा जन्म गेला. मी ह्यांना सुनावलं, आता जाईन तर याच गाडीत जाईन, नाही तर बहिणीचं तोंड पाहणार नाही. बोलून गेले आणि लगेच पस्तावले. बहीण किती दिवसांची सोबती, कोणाला माहीत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी निघालो. गाडी ठरल्याप्रमाणे बंद पडली. पण या वेळी मी रस्त्याकडे बघत बसले नाही, मान वळवून मागं पाहिलं. ह्यांनी झाकण उघडलं आणि माझ्या कानाशी फुस्स झालं, हवा आत ओढल्यासारखं. ह्यांचे कान इंजिनापायी कधीचेच गेलेले, ह्यांना काहीच ऐकू आलं नाही. झाकणावरून काढलेली दुधाची पिशवी ह्यांच्या हातात होती, दुहेरी घडी घातलेली, आणि ती आवळायला ट्यूबचं रबर.

"हे काय बांधलं होतं?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "तुले वासानं मळमळते ना."

"अन् कट्टे नेले तवा?"

"कट्ट्याले काऊन मळमळीन?"

मी कपाळाला हात लावला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडत नाही, हवेसाठी दुसरं पाडावं लागतं, हे घरोघरच्या बायांना माहीत असतं. झाकणातलं हवेचं भोक ह्यांनीच पिशवीनं बुजवलं होतं. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल उतरेना. जन्मभर इंजिनं खोललेल्या माणसाला मी भर रस्त्यात तेलाचा डबा समजावला. ह्यांचा चेहरा इतका पडला की मला हसू आवरेना. आणि खरं सांगते, माझ्यासाठी गुपचूप पिशवी बांधणाऱ्या माणसावर माझा फार जीव जडला त्या घडीला. पण वजनाचं मी विसरले नाही, ते वाटेभर ऐकवलं.

पेट्रोलनं ओली झालेली पिशवी मी ह्यांच्या हातातून ओढून फेकली. पिशवी गेली तसा वास आला. मग पंक्चरवाल्याचं लिंबू सोडलं, नखानं चिरलं आणि नाकाशी धरून बसले. त्याला यातलं अक्षर सांगायचं नाही, अशी ह्यांना ताकीद दिली. गाडी धामणगावपर्यंत एकदाही थांबली नाही. उलट बहिणीचं दार ओलांडून पुढं गेली, रिव्हर्स तर नव्हताच, आणि मला तेवढं मागं चालत यावं लागलं.

बहीण खाटेवर पडून होती. मी उशाशी बसले. तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला.

"काऊन वं, पेट्रोलचा वास येऊन राह्यला तुह्या हाताले?"

"येऊ दे," मी म्हटलं. तिनं हात सोडला नाही.