चढावर लागणारा दिवा

गॅरेजमध्ये त्याला सगळे सावकाश मिस्त्री म्हणत. कोणी घाई केली की तो तोंडातल्या तोंडात ‘सावकाश’ एवढंच म्हणे, त्यावरून पडलेलं नाव. हल्ली मात्र तो खरोखरच सावकाश झाला होता. उजवा खांदा धरला होता. शर्ट घालताना बायकोला बाही धरावी लागे. गाडीखाली शिरणं जमायचं, पण बाहेर येणं जिवावर यायचं.

अशात ती पांढरी गाडी पुन्हा दारात येऊन उभी राहिली. ती पाहूनच त्याने हातातला पाना खाली ठेवला.

गाडी चालवणारी ताई डायलिसिसच्या पेशंटना घरून दवाखान्यात नेई आणि परत सोडी. चालता चालता तिच्यासमोर डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लागे, जरा वेळ राही आणि विझून जाई. इंजिनात तेलाचा दाब पडला की लागायचा तो दिवा. दाब खरंच पडला असेल तर गाडी तिथल्या तिथे थांबवावी लागते, नाहीतर इंजिन जाम. पण गॅरेजमध्ये आणली की दिवा एकदम गरीब गाय.

“परवा भर रस्त्यात थांबले,” ताई म्हणाली. “मागे शिंपीकाका होते. डायलिसिस करून आलेला माणूस, अंगात त्राण नाही. दुसरी गाडी येईपर्यंत उन्हात बसले. ओठ पांढरे पडले होते त्यांचे. मिस्त्री, मला एवढंच सांगा, हा दिवा खरं बोलतोय की खोटं?”

मिस्त्रीला उत्तर माहीत असतं तर काय हवं होतं! त्या दिव्याला दाबाची खबर देणारा सेन्सर काढून त्या जागी त्याने दाबाचं मीटर लावून पाहिलं होतं; इंजिन थंड असताना, तापल्यावर, काटा नीट जागेवर. वायरी हलवून, ओढून पाहिल्या होत्या. हाती काही लागलं नव्हतं.

“दाजी, अजून एक सेन्सर टाकून बघू,” काउंटरवरून मेहुणा म्हणाला. गॅरेज दोघांचं, हिशेब आणि गिऱ्हाईक मेहुणा बघे.

“आधीच्या सेन्सरांनी काय दिवे लावले?”

“दिवेच तर लावतायत,” मेहुणा म्हणाला. मग आवाज खाली आणून, “नाहीतर वायरच तोडून टाका. दिवाही नाही आणि कटकटही नाही.”

ताईने ते ऐकलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिने नुसती स्टीअरिंगवर मान टेकवली. “मला चालेल,” ती म्हणाली. “निदान डोळ्यांसमोर तरी नको.”

कटर मिस्त्रीच्या खिशातच होता. एक वायर तोडली की ही गाडी डोक्यावरून उतरणार होती. घरी जाऊन पडता आलं असतं. त्याने बॉनेट लावून टाकलं.

“आणि उद्या खरंच दाब पडला तर तुम्हाला कळायचं कसं?” तो म्हणाला. “सकाळी मला घ्यायला या. मी बरोबर येतो.”

सकाळी तो पुढच्या सीटवर बसला तेव्हा शिंपीकाका मागे होते, मांडीवर घडी केलेली शाल.

“हे कोण, नवीन डॉक्टर?” त्यांनी विचारलं.

“गाडीचे डॉक्टर आहेत, काका,” ताई म्हणाली.

“मग यांनाही तोच अनुभव असेल. डॉक्टरसमोर बसलं की माझंही काही दुखत नाही.”

मिस्त्री हसला. हसताना खांद्यात कळ आली.

दिवा काही लागेना. सपाट रस्ता गेला, खड्डे गेले, मिस्त्रीला पेंग येऊ लागली. दवाखान्याच्या तळघरात काकांना उतरवलं, तिथून दुसरे तीन पेशंट आणि त्यांचं सामान घेतलं आणि गाडी तळघराचा चढ चढू लागली. ताईने पहिला गिअर टाकून जोर दिला. लाल दिवा लागला. वर सपाटीला आल्यावर विझला.

पुढे सिग्नलवरून निघताना पुन्हा तेच. मिस्त्रीची झोप उडाली. म्हणजे इंजिनला ओझं ओढावं लागलं की दिवा लागत होता. गॅरेजमध्ये तो कायम उभी गाडी तपासत आला होता, न्यूट्रलमध्ये. उभ्या गाडीतलं इंजिन कशाला जोर लावेल?

पेशंट घरी पोचवून दोघं गॅरेजला आले. त्याने चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले, ताईला हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगितलं आणि स्वतः बाजूला उभा राहून बॉनेटमध्ये पाहू लागला. इंजिन एका अंगाने वर उचललं गेलं.

“लागला,” ताई आतून म्हणाली.

इंजिन ज्या रबरावर बसतं ते फाटलं होतं. जोर आला की इंजिन कलायचं आणि सेन्सरची वायर ताणली जायची. ती कुठेतरी पत्र्याला घासत असणार. सोललेली वायर पत्र्याला टेकली की दिवा लागणारच, मग दाब कितीही चांगला असो. जागा इंजिनच्या मागे, खोल. गाडी बंद केल्यावर त्याने हात घातला. कोपरापुढे खांद्याने साथ सोडली. आणि तेव्हा त्याला कळलं की याआधीही हात इथवरच गेला होता. पुढचं तपासलंय असं तो मनाशी धरून चालला होता. तो हात बाहेर काढून पुसत राहिला.

“काय झालं, दाजी?”

“माझा हात जात नाही.”

मेहुण्याने घड्याळ काढलं, बाही वर केली. कित्येक वर्षांत त्याने बॉनेटमध्ये हात घातला नव्हता. “डावीकडे... अजून खाली,” मिस्त्री सांगत गेला.

“आहे,” मेहुणा म्हणाला. “तांबं बोटाला लागतंय.”

नवीन रबर बसलं, वायर जोडून, नळीत घालून पत्र्यापासून लांब बांधली. दिवस उतरताना गाडी माणसं बसवून मोठ्या चढावर नेऊन आणली. दिवा लागला नाही. ताईने आभार मानले, पण तिची नजर डॅशबोर्डवरून हलत नव्हती.

“थोडे दिवस बघालच तुम्ही त्याच्याकडे,” मिस्त्री म्हणाला. “बघा. पण आता लागला तर खरा समजून थांबायचं.”

घरी बायकोने विचारलं, “सापडलं?”

“सापडलं. तुझ्या भावाला सापडलं.”

“मग चेहरा असा का?”

त्याने शर्ट काढायला हात वर करून पाहिला, जमेना. ती पुढे झाली.

“खांदा दाखवून येऊ उद्या,” तो म्हणाला. ती कधीपासून हेच सांगत होती. तिने बाही सोडवली, शर्ट खुंटीला लावला आणि तो बसल्या जागी कलंडला तेव्हा त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली.