सुईच्या आधीचा स्कॅन

गुरुवारी सकाळी पद्माने पेज खाल्ली. दुपारी ती उठवूनही उठेना.

पद्मा चौक गावची, मासे विकणारी. मीरा रोडच्या आमच्या हॉस्पिटलात आली तेव्हा ताप होता आणि ती असंबद्ध बोलत होती. मेंदूला हर्पिसचा संसर्ग झाला होता. तापानंतर ओठांवर फोड उठवणारा हा विषाणू क्वचित मेंदूतही शिरतो. सलाईनमधून औषध सुरू झालं. ताप उतरला. आठवड्याभरात ती नर्सशी भांडू लागली आणि आम्ही सगळे खूश झालो.

मी रेडिओलॉजिस्ट. एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन यांची चित्रं वाचणं हे माझं काम. त्या दुपारी दुसऱ्या एका पेशंटच्या सोनोग्राफीसाठी आयसीयूत गेले होते. तिथे आयसीयूचा डॉक्टर मेहुल आणि पद्माचा नवरा जनार्दन यांची जुंपली होती.

मेहुलला वाटत होतं, संसर्ग पुन्हा उसळलाय. खात्रीसाठी कमरेत सुई घालून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी काढायचं होतं. याला लंबर पंक्चर म्हणतात. भरती झाली तेव्हा एकदा केलंही होतं.

"पुन्ना सुई न्हाय," जनार्दन म्हणाला. "पयल्या सुईनंच तिचं असं झालं."

"काका, सुईने असं होत नाही."

"मग तुमच्या पाठीत घाला."

मेहुल माझ्याकडे वळला. "मॅडम, सीटी करतो. काही निघणार नाही, पण काकांचं समाधान होईल. मग सुई."

पद्माला मशीनवर घेतलं. काचेपलीकडे मी बसले. पहिली चित्रं ठीक होती. पुढची आली आणि मी खुर्चीतून उठलेच.

सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं. डाव्या कानशिलाच्या आत लिंबाएवढा पांढरा गोळा होता. विषाणूने सुजवलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यातली एखादी फुटते. नेहमी नाही, पण होतं. मेंदूची मधली रेषा उजवीकडे ढकलली गेली होती.

"मेहुल, सुई राहू दे. आत ये!"

तो आला आणि स्क्रीनवर वाकला. कवटी म्हणजे बंद डबा. वर एवढा दाब असताना खालून पाणी काढलं असतं, तर मेंदू खाली सरकून श्वास चालवणारा भाग दाबला गेला असता.

मी अनिलला फोन लावला. अनिल न्यूरोसर्जन, आणि माझा नवरा. तो भाईंदरला, जेसल पार्कच्या ओपीडीत होता. स्कॅनवर दिसलेलं त्याला सांगितलं.

"किती ढकललंय?"

"बरंच. ऑपरेशन लागेल."

"मॅनिटॉल चालू करा, सूज उतरेल. ऑपरेशन थिएटर तयार ठेवा. आणि तू रिपोर्ट टाइप करत बसू नकोस."

"तू निघ आधी!"

जनार्दनला मी स्क्रीनसमोर आणलं. "हे पांढरं दिसतंय ना, ते रक्त आहे. कवटी उघडून काढावं लागेल."

"सुई नको म्हनलो, तर डोकाच फोडता?" तो चित्राकडे बघत राहिला. मग ओरडला, "मग बघत काय बसलाव? काढा ना!"

अनिलने गोळा काढला. औषध चालू राहिलं. काही दिवसांनी तिची श्वासाची नळी निघाली, आवाज परत आला. आम्ही तिघं डॉक्टर आणि जनार्दन तिच्या बेडभोवती जमलो.

अनिलने जनार्दनकडे बोट दाखवलं. "हे कोण?"

"कोन म्हंजे? आमचं मानूस हाय."

मेहुल जवळजवळ नाचला. "नाव सांगा ना, काकी!"

पद्मा गप्प. मेहुलचा चेहरा पडला. भाषा बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असते; तिथे रक्तस्राव झाला की नावं जातात.

"अवो डाक्टर," जनार्दन हसला, "लग्नापासनं कदी घेतलं न्हाय, आज तुमच्यासाठी घेल?"

आयसीयूत एवढं कधी हसल्याचं मला आठवत नाही.

जनार्दनचं कारण चुकीचं होतं, त्याचा नकार बरोबर निघाला. नातेवाईक "नको" म्हणाले की मेहुल आता चिडत नाही. निदान लगेच नाही. आणि सुस्तावलेल्या पेशंटला आमच्याकडे आधी स्कॅन, मग सुई.

अनिल मागच्या वर्षी गेला. हार्ट अटॅक. मी स्कॅनच्या त्याच काचेमागच्या खोलीत काम करते.

पद्मा मासे विकते. काही माशांची नावं तिला सापडत नाहीत, मग ती बोट दाखवते. अलीकडेच तपासणीला आली होती. तिच्या स्कॅनवर मी लिहिलं : डावीकडे शस्त्रक्रियेनंतरची पोकळी. नवीन रक्तस्राव नाही.