आयची सुकट आणि माझा अंगठा

वैशालीताईंचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. त्या मूळच्या टिटवाळ्याच्या, इथे मस्कतला एका दवाखान्यात नर्स आहेत. त्या नसत्या तर मी लंगडत कोलशेतला परत आलो असतो, आणि तुम्ही सगळ्यांनी खाडीच्या गारव्याला दोष दिला असता.

निघालो त्या दिवशी आय बॅग भरत बसलेली. सुकट, जवळा, सुके बोंबील. पिशवीत पिशवी, वर टॉवेल, त्यावर माझ्या पँटी. वास सुटला तर विमानातून उतरवतील, याची मला धास्ती. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, विमानतळावर कोण काय विचारेल या विचारानेच घाम फुटलेला. बाबा ओट्यावर पाय पसरून बसलेले. त्यांचा अंगठा वाकडा, बोटांना गाठी. त्या दुखण्यानेच होडी सुटली त्यांची. आपण त्याला वात म्हणायचो. आय एवढंच म्हणाली, "कायपन कर पोरा, मासली सोरू नको."

नाही सोडली. इथे काम मासळी साफ करायचं, पूर्ण पाळी उभ्याने. खोलीवर आलो की भात आणि सुकट. खोलीतले बाकीचे नाक दाबायचे, मला मात्र तेवढा वेळ घरी बसल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात पाण्याऐवजी गोड कोल्ड्रिंक प्यायचो, गार लागतं म्हणून.

एका सकाळी उठलो तर उजव्या पायाचा अंगठा लाल, सुजलेला. चादर घासली तरी जीव जात होता. सुपरवायझरने सरळ सांगितलं, पुढच्या आठवड्यात उभा राहिला नाहीस तर तिकीट काढून देतो. घरी फोन केला. आयला वाटलं पाय मुरगळला. म्हणाली, बोंबलाचं कालवन पी, ताकद येल. मी दोन्ही वेळेला तेच प्यायलो. सूज आणखी वाढली.

दवाखान्यात बाकावर बसून फोनवर आयशी बोलत होतो, तेव्हा समोरून आवाज आला, "कुठला रे तू?"

"कोलशेत."

"मी टिटवाळ्याची. पाय दाखव. आणि खातोस काय ते सांग."

नावापासून सगळं सांगितलं, कालवणासकट. ताई हसल्या. "हरेश, तू दुखणंच औषध म्हणून पितोयस."

रक्त तपासलं. युरिक ॲसिड बरंच वाढलेलं. डॉक्टर इंग्रजीत बोलले, मी मान हलवली. नंतर ताईंनी माझ्या भाषेत सांगितलं. "मासा मेला की त्याच्या मांसातली शक्ती हळूहळू मोडत जाते. मोडताना आधी जे तयार होतं, त्यानेच मासा चवदार लागतो. पुढे त्याचं इनोसिन नावाचं द्रव्य होतं, आणखी मोडलं की शिळी, कडसर चव येते. तुम्ही मासळी बर्फात ठेवता ती हे सगळं सावकाश व्हावं म्हणून. आपल्या अंगातही असंच चालतं. या सगळ्यांचं घराणं एक, प्युरिन. माणसात शेवटी उरतं युरिक ॲसिड. ते लघवीवाटे गेलं पाहिजे. नाही गेलं तर सांध्यात त्याचे बारीक खडे होतात, सुयांसारखे."

"म्हणजे माझा अंगठा शिळा झाला?"

"अंगठा ताजा आहे. डोकं बर्फात ठेव."

मी विचारलं, मग हे प्युरिन वाईटच ना? तर म्हणाल्या, वाईट कसं, त्याच्याशिवाय एक पेशी जगणार नाही. साठून राहिलं की त्रास. आणि नुसत्या माशावर ढकलू नकोस, कोल्ड्रिंकनेही वाढतं, कमी पाणी प्यायल्याने वाढतं, काही घरांत पिढीजात असतं. "वडिलांना आहे का असं?"

मला ओट्यावरचे पाय दिसले.

ताईंनी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली आणि सुपरवायझरला स्वतः फोन केला. सूज उतरेपर्यंत मला बसून करायचं काम मिळालं. तिकीट टळलं. मग युरिक ॲसिड कमी करायची गोळी सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत पाय पुन्हा ठणकला. मी घाबरून गोळी बंद करणार होतो. ताई फोनवर ओरडल्या, "जुने खडे विरघळताना असं होतं, मी सांगितलेलं ना? गोळी सोडलीस तर बघ."

आयला हे कळलं तेव्हा ती रुसली. "आमच्या मासलीला नावं ठेवतो," म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. तरी पुढच्या आठवड्यात तीच बाबांना ठाण्याला घेऊन गेली. निदान तेच निघालं. गाठी काही गेल्या नाहीत, पण आता बाबांना रात्री झोप लागते. जे माझ्यासारखे बाहेर आहेत त्यांना सांगतो, अंगठा असा सुजला तर कालवण पीत बसू नका, रक्त तपासा.

आता आय तांदळाचं पीठ आणि कोकम पाठवते. जवळ्याची एक छोटी पिशवी तरी त्यात असतेच, न सांगता. ताईंनी सुकं पार बंद केलेलं नाही. कधीतरी चिमूटभर कांद्यात परततो. पूर्वी घर पोटभर खायचो. आता चिमटीत मावतं, आणि तेवढ्यानेही खोलीभर वास सुटतो.

ताईंना इथे सुकट मिळत नाही. त्यांची आई कैरी घालून करायची म्हणे. आमच्या सुट्ट्या जुळल्या की त्यांना कोलशेतला नेणार आहे. आय वाढेल, त्या पोटभर खातील, आणि मी समोर बसून भाकरीशी दुधी खाईन, तोंड वाकडं न करता. एवढं माझ्याकडून राहिलंय, ते मी करणार.