मनधरणीचे तांदूळ

परवा इथे गडचिरोलीत आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंनी मला नागपूरच्या स्पेशालिस्टकडे जायला सांगितलं. चिठ्ठी हातात आली आणि मी पुन्हा खुर्चीत बसले... आजाराच्या भीतीनं नाही, बाबांच्या आठवणीनं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीजवळ आमचं गाव, आणि सिंदेवाहीला आमचे डॉक्टर. त्यांनी नुसता हात लावला तरी बाबांचा अर्धा ताप उतरायचा. घरातलं कुणी आजारातून उठलं की त्यांच्या घरी पिशवीभर तांदूळ पोचवायचे, ही आमच्याकडची रीत.

त्या वर्षी धान निसवायला आला, लोंब्या बाहेर पडू लागल्या आणि बाबांना घास गिळेना. दवाखान्यात हिवतापाच्या पेशंटची ही गर्दी... डॉक्टरांनी गळा पाहिला, घाईत चिठ्ठी खरडली आणि म्हणाले, "भाऊ, आता माझ्याकडे येऊ नका. सरळ नागपूरले जा."

बाबा तोंड पाडून घरी आले. आठवडाभर आधी त्यांनी चोरून वैदूकडून मुळी घेतली होती. "डॉक्टरले समजलं थे," म्हणाले, "म्हनून तोडलं मले." मी डी.एड. करत होते, चांगली शिकलेली... तरी मलाही तेच पटलं.

चिठ्ठी पेटीत गेली. डॉक्टरांचा राग उतरला की त्यांच्याच हातचं औषध घेईन, दुसऱ्याचं नाही, असं बाबांनी धरून ठेवलं. नवा धान घरात येताच त्यांची मनधरणी करायला मला तांदूळ घेऊन पाठवलं.

पिशवी पाहून डॉक्टरांचा चेहरा खुलला. "बरे हायेत ना भाऊ?" मी "हो" म्हणाले... कुणी विचारलं की आपण म्हणतो तसं. ते हसून बोलले, याचाच मला आनंद झाला होता.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, डॉक्टर रागावलेले नाहीत. बाबा त्या दिवशी वाटीभर पेज प्यायले. थोडी ताकद आली की जातो म्हणाले. ती आलीच नाही... महिन्याभरात ते गेले.

डॉक्टर मयतीला आले. माझ्याकडून सगळं ऐकलं आणि अंगणात खालीच बसले. "मी थे तांदूळ खाल्ले, पोरी," म्हणाले. "मले वाटलं, भाऊ नागपूरहून बरे होऊन आले."

पुढे कुणालाही मोठ्या दवाखान्यात पाठवताना ते आधी सांगायचे, "मी रागावलो नाई तुमच्यावर." किती जण त्यामुळे वेळेत पोचले असतील... बाबांच्या वाट्याला तेवढं वाक्य आलं नाही. आणि माझा तो "हो" मला आजही गिळता येत नाही.

उद्या सकाळच्या बसनं नागपूरला निघतेय. तिथे कुणी विचारलं, बरं आहे ना, तर खरं ते सांगणार आहे... बाबांना आता त्याचा काय उपयोग म्हणा.